दोन काने

नाशकात माणसाला वेड लागायला कारणं पुष्कळ आहेत. कुणी द्राक्षबागेपायी वेडा होतो, कुणी प्लॉटपायी, कुणी खरी मिसळ कुठे मिळते या वादापायी. पण फिनिश भाषेपायी वेडा झालेला माणूस माझ्या माहितीत एकच, आणि मी कित्येक वर्षं त्याच्या डोक्यावर राहत होतो. म्हणजे वरच्या मजल्यावर, भाडेकरू म्हणून.

गंगापूर रोडच्या मागच्या आमच्या कॉलनीत सकाळी आधी नळाला पाणी येई, मग दूधवाला, आणि दूधवाल्याच्या पाठोपाठ खालच्या अंगणातून खडा आवाज. "तालो! तालोन! तालोआ! तालोस्सा! तालोस्ता! तालोओन!" एका हातात झाडांना पाणी घालायची झारी, दुसरा हात कवायतीसारखा वर-खाली. नव्या माणसाला वाटायचं, बुवा कुठल्यातरी जागृत देवीचं स्तोत्र म्हणतायत. समोरच्या आजी तर 'तालोस्सा'ला न चुकता हात जोडायच्या. प्रत्यक्षात आमचे घरमालक सर 'घर' हा शब्द चालवत असत. घर, घराचं, घराला, घरात, घरातून, घरामध्ये... मराठीला विभक्त्या आठ. फिनिशला पंधरा. सरांच्या मते हा त्या देशाच्या श्रीमंतीचा पुरावा होता.

सर एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. शिकवलं काय, तर ह्रस्व आणि दीर्घ. कविता आणि धडे त्यांच्या तासाला मधल्या सुट्टीसारखे येऊन जात. सदऱ्याच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल, आणि त्या पेन्सिलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनीसुद्धा नाही. घरी आलेली लग्नपत्रिका ते तपासत. मग लग्नाला जात, आहेर करत, दोनदा मठ्ठा मागून घेत, आणि निघताना वधूपित्याच्या हातात त्याचीच पत्रिका ठेवत. 'आशिर्वाद'मधल्या 'शि'भोवती लाल गोल. "आशीर्वाद देऊन निघालोय," म्हणत, "पण दीर्घ."

मी नामपूरहून सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आलो आणि खोली बघायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही.

"गाव कुठलं?"

"नामपूर."

"लिहून दाखवा."

मी लिहिलं. लहानपणापासून एसटीची पाटी वाचत आलो होतो, त्यामुळे 'पू' दीर्घ पडला. सरांनी कागद उजेडात धरला. "खोली तुमची," म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी 'नामपूर' झालो. "अहो नामपूर, खाली या," अशी हाक आली की समजावं, भाषेत काहीतरी सापडलंय. माझी आई एकदा गावाहून आली, सरांचा सकाळचा गजर ऐकून घाबरली आणि मला म्हणाली, "हाई काय शे रे?" ते सरांनी ऐकलं. पुढचा सबंध आठवडा ते अहिराणीच्या 'शे'वर, म्हणजे आपल्या 'आहे'वर, खूश होते आणि मला ऑफिसला जाता जाता अडवून 'शे' चालवायला लावत होते.

यमुनामावशी मखमलाबादकडच्या आपल्या मळ्यातली भाजी आणि फुलं हातगाडीवर घेऊन रोज कॉलनीत यायच्या. त्यांच्या मुलानं हौसेनं गाडीवर रंगवून घेतलं होतं, 'ताजि भाजि'. सरांनी पहिल्याच दिवशी खडू आणून दोन्ही वेलांट्या फिरवल्या. मावशींनी ते शांतपणे पाहिलं.

"सर, वेलांटी कोणच्या बी अंगाला द्या, मेथी तीच हाय. घेता का?"

"घेतो. पण आता ती शुद्ध आहे."

"मंग शुद्धीचा एक रुपया जास्त पडंल."

आता मुद्द्यावर येतो. सरांचा एकुलता एक मुलगा मिलिंद नव्वदीच्या शेवटी मोबाइल फोनच्या कुठल्याशा कामासाठी फिनलंडला गेला, आणि दोन हिवाळे काढल्यावर त्यानं कळवलं की तो तिथल्याच एका मुलीशी लग्न करतोय. काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि काही केल्या काढेनात. मग पोस्टानं पत्रिका आली. सर सवयीनं लाल पेन्सिल घेऊन बसले, भिंग लावून वाचू लागले आणि एकदम ताडकन उठले. मी जिन्यात होतो, मला वाटलं विंचू निघाला.

"अगं, ऐकलंस का! मुलीचं नाव रीत्ता. या लोकांनी 'री' दीर्घ लिहायला आय दोनदा काढलाय! दोनदा! आळस केला नाही!"

"अहो, माणसं कोण, कुठली, काही बघाल की नाही?"

"बघितलं. दीर्घ आहेत. ज्या घरात पोरीच्या वेलांटीची एवढी काळजी घेतात, त्या घराचं वळण मला विचारू नकोस."

असं ते लग्न मंजूर झालं. तिकडे चर्चमध्ये ते लागलं, आणि मिलिंदनं फोनवर सांगितलं की लग्न पप्पीनं लावलं. काकूंनी फोन कानापासून लांब धरला. 'पप्पी' म्हणजे फिनिशमध्ये धर्मगुरू, हा खुलासा होईपर्यंत तो त्यांनी पुन्हा कानाला लावला नाही.

सरांनी मिलिंदकडून व्याकरणाचं पुस्तक, शब्दकोश आणि कॅसेटी मागवल्या आणि वयाच्या साठीनंतर ओसरीवर शाळा मांडली. विद्यार्थी एक मी, कारण मला पळायला दुसरा जिना नव्हता. दुसऱ्या समोरच्या आजी, त्यांना ते स्तोत्रच वाटत होतं. आणि गाडी लावून टेकलेल्या यमुनामावशी. विभक्त्या शिकवायची सरांची पद्धत कृतीची. मला दारात उभं करायचे आणि स्वतः अंगणातून ओरडायचे. "तालोस्सा!" मी घरात. "तालोस्ता!" मी घरातून बाहेर. "तालोओन!" मी पुन्हा आत शिरताना. "तालोल्ले!" घराकडे. त्या वेळी गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस ओट्यावर बसून हे बघत राहिला आणि शेवटी काकूंना हळूच म्हणाला, "बाई, यांना आत घ्यायचं का नाय, एकदाचं ठरवून टाका."

पंधरांपैकी एक विभक्ती सर माझ्याकडून करून घेत नसत. तालोत्ता. घराविना. 'त्ता' लागला की ती वस्तू नाही. भाकरीविना, टोपीविना, माणसाविना, सगळं त्या एका 'त्ता'त. "याची कृती कशी करणार?" मी विचारलं. "करू नये," सर म्हणाले. "म्हणायची मात्र रोज. विभक्ती गाळणारा माणूस उद्या काहीही गाळेल."

पण सर भाळले ते ह्रस्व-दीर्घावर. बघा ना, आयुष्यभर त्यांनी पोरांना 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक सांगितला, आणि पोरांनी एका कानानं ऐकून परीक्षेत दोन्हीकडे 'दिन'च लिहिलं. मराठीत चुकलं तरी कुणाचं काही अडत नाही. आणि इथे ही भाषा! 'तुलि' म्हणजे आग, 'तूलि' म्हणजे वारा, आणि 'तुल्लि' म्हणजे जकात. "म्हणजे नामपूर, जकात नाक्यावर वाऱ्यानं आग लागली असं सांगायचं झालं, तर माणसाला शुद्धलेखन यायलाच हवं!" त्यांना इतका आनंद झाला होता की मी त्यांना असा प्रसंग फारसा येणार नाही हे सांगितलं नाही.

अडचण एकच. फिनिशमध्ये आपला 'अ' नाही. तिथे आखूड 'आ' आणि लांब 'आ' असतो, आणि देवनागरीत 'आ'ला काना एकच. सरांनी तोडगा काढला. आखूडला एक काना, लांबला दोन काने, शेजारी शेजारी, रेल्वेच्या रुळांसारखे. छापखान्यात ती सोय नसल्यामुळे मी इथे 'आआ' लिहितो, पण ओसरीवरच्या फळ्यावर ते रूळ स्पष्ट दिसत. पुढे शब्दकोशात सापडलं की 'काना' म्हणजे फिनिशमध्ये कोंबडी. तेव्हापासून मावशी विचारायच्या, "सर, या शब्दात कोंबड्या किती?"

"एक काना कमी पडला तर काय होतं माहीत आहे?" सर एकदा फळ्यावर काठी आपटून म्हणाले. "'तापाआन सिनुत' म्हणजे मी तुला भेटतो. आणि एक काना खाल्लात, तर 'तापान सिनुत'. म्हणजे मी तुला ठार मारतो! भेट आणि खून यांच्या मध्ये फक्त एक काना आहे!"

"बया!" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी त्या दिवशी फुलपुडीत एक झेंडू जास्त टाकला.

सरांचा खरा सिद्धांत असा होता की फिनिश ही थंडीत राहिलेली मराठीच आहे. पुरावे ते पोत्यानं देत. आपण वाक्याला 'का' लावून प्रश्न विचारतो, ते शब्दाला 'को' चिकटवून विचारतात. आपण 'माझ्याकडे आहे' म्हणतो, तेही तसंच म्हणतात. त्यांच्यात 'प्लीज'ला शब्द नाही, आणि आपलं 'कृपया' फक्त पाटीवर असतं. त्यांना भविष्यकाळच नाही. "आपल्याला तरी कुठे आहे?" सर म्हणत. "आपला सुतार 'उद्या येतो' म्हणतो तो काय भविष्यकाळ असतो?" शंभराला ते 'साता' म्हणतात, ते आपलं शत. हातोड्याला 'वासारा', ते आपलं वज्र. हे शब्द फार पूर्वी आपल्याच बाजूनं तिकडे गेले, असं पुस्तकातच लिहिलं होतं. ते वाचून सरांना मुलाचं जाणं थोडं सोपं झालं असावं. "मिलिंद काही पहिला नव्हे," ते काकूंना म्हणाले. "आपली माणसं आधीच तिकडे जाऊन पोचली आहेत."

"ती परत आली का?" काकूंनी विचारलं. सरांनी पान उलटलं.

संध्याकाळी फिरायला निघताना ते काठी उचलत आणि एकच शब्द म्हणत, "युओक्सेन्तेलिसिन्कोहान." अर्थ : जरा उगाच इकडेतिकडे हुंदडून यावं की काय. एका शब्दात! काकू आतून म्हणत, "एवढा शब्द होईपर्यंत सोमेश्वरापर्यंत जाऊन आला असता."

आता काकूंचं नाव सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. काकूंचं नाव कमला. एका रविवारी मिलिंदच्या फोनवर त्याचे सासरे आले. सरांचे व्याही. अतिशय अबोल माणूस, तिकडे तो गुण समजतात. सरांनी नमस्कार-चमत्कार केले. आता पुढे काय बोलायचं? सरांना वाटलं, विहिणीची ओळख करून द्यावी. फिनिशमध्ये 'अ' नाही, म्हणून त्यांनी मोठ्या प्रेमानं नावाला तिकडचा उच्चार चढवला आणि म्हणाले, "वाइमोनि ऑन कामाला." माझी पत्नी कमला आहे.

पलीकडून व्याह्यांनी जड आवाजात दोनच शब्द उच्चारले. "नीन मिनुन्किन." माझीसुद्धा.

सरांनी फोन ठेवला आणि ते आनंदानं थरथरत आत गेले. "अगं, काय योग बघ! विहीणबाईंचं नावही कमलाच!"

"पत्रिकेत तर काहीतरी वेगळं होतं."

"ते माहेरचं असेल. सासरचं कमला."

ही बातमी त्यांनी कॉलनीभर केली. मावशींनी तर दैवी संकेत म्हणून कमळाचं फूल आणून दिलं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर सहज शब्दकोश चाळत असताना मला वर ऐकू आला तो आवाज हसण्याचा होता की ठसक्याचा, ते कळेना. मी धावत खाली गेलो. सरांनी बोट ठेवलं होतं. 'कामाला' : भयंकर, भीषण. माझी पत्नी भयंकर आहे. माझीसुद्धा.

काकूंपासून ते लपवणं शक्यच नव्हतं. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं मनात होतं ते शेवटी परक्या भाषेत सापडलं म्हणायचं."

"अगं, तसं नाही. उच्चार 'कामाला' आहे, 'कमला' नव्हे."

"तेच म्हणते मी. कामालाच तर जन्म गेला."

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. फोनवर पहिला मिनिटभर फिनिशच बोलायचं, असा सरांनी मुलाला दंडक घालून दिला होता. एका दुपारी मिलिंदचा फोन आला. रीत्ता बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मिलिंद धापा टाकत ओरडला, "बाबा! हॅन स्युन्त्युई! हॅन..." आणि लाइन कट.

सर फोन हातात धरून उभे. "जन्म झाला!"

"काय झालं? मुलगा की मुलगी?" काकू.

"हॅन!"

"अहो, हॅन काय?"

तर त्या भाषेत 'तो' आणि 'ती' असा भेदच नाही. दोघांनाही 'हॅन'. एरवी यावर सर भाषणं देत. टेबल तो की ते, यात आपला जन्म गेला, आणि ते लोक बघा कसे सुटले! पण त्या दुपारी काकू कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या आणि भाषण काही सुचेना. फोन लागेना. बातमी तर कॉलनीत पसरली. लोक दारात. पेढे की बर्फी? मुलगा झाला तर पेढे वाटायचे, मुलगी झाली तर बर्फी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सर पिशवी घेऊन निघाले, फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"आणा ना काहीतरी!" काकू ओरडल्या.

"काहीतरी कसं? तो पेढा. ती बर्फी. आपल्याला आत्ता काय ठाऊक आहे? ते बाळ! नपुंसकलिंग!" आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. "मग मिठाईही नपुंसकलिंगीच हवी!"

सरांनी त्या दिवशी सगळ्या कॉलनीला श्रीखंड वाटलं. ते श्रीखंड. वाट्या घेऊन मी दारोदार फिरलो आणि प्रत्येक दारात मला व्याकरण सांगावं लागलं. संध्याकाळी फोन लागला. मुलगी. नाव आइनो. "नो हा तर आपला संबोधनाचा प्रत्यय!" सर म्हणाले. "मुलांनो, मित्रांनो, आइनो! पोरीचं नाव ठेवलंय की तिला हाक मारलीय?" आणि नातीला हाक मारावी तसं ते रिकाम्या ओसरीवर दोनदा म्हणाले, "आइनो! आइनो!"

इथवर सगळी मौज होती. पुढे मौजेला एक टोक आलं.

आइनो बोलू लागली, पण फक्त फिनिश. मिलिंद दिवसभर कामावर, मराठी शिकवायची राहून गेली. फोनवर तिला आजोबांशी बोल म्हटलं की ती फोन घ्यायची आणि काही बोलायचीच नाही. सर इकडून एकेक वाक्य टाकत, आणि तिकडून फक्त श्वास यायचा. रविवारमागून रविवार. ती चार वर्षांची झाली, तरी तिचा एकही शब्द सरांच्या वाट्याला आला नव्हता. तेवढ्यात कळलं, डिसेंबरात सगळे नाशिकला येणार.

"बाबा, काळजी करू नका," मिलिंद म्हणाला. "मी मध्ये बसून दोघांना सांगेन ना."

"तू मध्ये बसू नकोस," सर म्हणाले. "आजोबा आणि नात यांच्या मध्ये दुभाष्या बसला, की ती नात राहत नाही. परदेशी शिष्टमंडळ होतं."

गच्चीवर कपडे वाळत घालताना ते मला म्हणाले, "नामपूर, एक शब्द पुरे. पण माझ्याकडे बघून बोललेला. कुणाच्या हातून पोचवलेला नको." मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

पहिलं वाक्य ठरलं. "विहदोइनकिन तापाआन सिनुत." शेवटी एकदाचा तुला भेटतोय. सर ते झाडांना म्हणत, आरशाला म्हणत, माझ्यावर म्हणून बघत. मावशींनी भाजी देताना इतक्या वेळा ऐकलं की त्यांचंही पाठ झालं. फळ्यावर 'पा'पुढे दोन काने लाल खडूनं.

तो दिवस उजाडला. नाशिकची डिसेंबरची थंडी, आम्ही सगळे कानटोप्या-स्वेटरांत गोळा झालेलो. मुंबईहून निघालेली टॅक्सी इगतपुरीला चहाला थांबल्याचा फोन आला तेव्हापासून सर फाटकाची कडी धरून उभे. टॅक्सी आली. मिलिंद उतरला, मागून उंच, हसरी रीत्ता, आणि तिच्या पायामागे एक भुऱ्या रंगाची वेणी, बिनबाह्यांचा फ्रॉक. तिला ते ऊन वाटत होतं! मावशी पुटपुटल्या, "आगं बया, हिला कायतरी घाला."

सर पुढे झाले. गुडघ्यावर बसले. लाल पेन्सिल खिशात, इस्त्रीचा सदरा, समोर ती घाऱ्या डोळ्यांची मुलगी, जिचा फक्त श्वास त्यांनी आजवर ऐकला होता. त्यांनी तोंड उघडलं, घशाशी आवंढा आला, आणि त्या आवंढ्याबरोबर एक काना गिळला गेला.

"विहदोइनकिन तापान सिनुत."

शेवटी एकदाचा तुला ठार मारतो.

रीत्तानं तोंडावर हात ठेवला. मिलिंदच्या हातून बॅग सुटली. आणि मंडळी, फिनलंडपासून इतक्या लांब, गंगापूर रोडच्या मागच्या एका गल्लीत, निदान तीन माणसं एकदम "आई गं!" म्हणाली, कारण आम्हांला अर्थ कळला होता.

सरांना कळलं. इतरांच्या 'शि'भोवती जन्मभर गोल काढणाऱ्या माणसाचा चेहरा मी पाहिला. नापास झालेल्या पोराचा असतो तसा. त्यांनी ओठ हलवले, पण दुसरं काही आठवेना. पोरगी आईच्या पायामागे गेली. मला वाटलं, संपलं.

मग वेणी पुन्हा बाहेर आली. आइनो दोन पावलं पुढे झाली, तिनं सरांच्या नाकासमोर बोट धरलं, अगदी सर वर्गात धरत तसं, आणि बजावलं, "एइ तापान! वाआन तापाआआआन!"

तापान नव्हे. तापाआन.

सर तसेच गुडघ्यावर. "नामपूर," मान न वळवता ते म्हणाले, "ऐकलंत?"

"ऐकलं, सर."

"दीर्घ धरला तिनं."

"हो, सर."

"पूर्ण धरला! एवढासुद्धा सोडला नाही!" आणि त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली.

मागून मावशी काकूंना विचारत होत्या, "पर मारणार का भेटणार, ते तरी ठरलं का?"

पुढचे दिवस आमच्या कॉलनीत हाहाकार. आइनोनं कामाला सुरुवात केली. सर जे जे चुकतील त्याची एक लाल रेघ त्यांच्या तळहातावर. ती त्यांच्या मागे मागे अंगणात, गच्चीत, मावशींच्या गाडीपर्यंत. संध्याकाळी सरांचा हात मेंदी लावल्यासारखा दिसे आणि ते तो ज्याला त्याला दाखवत. आधी मला त्यांची दया आली. मग एक दिवस गच्चीवर वाऱ्यानं चादरी उडत होत्या, सरांनी वर बोट केलं आणि म्हणाले, "तुलि!" आग. "एइ! तूऊऊलि!" ती किंचाळली आणि तिनं हात पकडून रेघ ओढली. मी चमकलो. तूलि? जकात नाक्यावरचा वारा? हा शब्द सर झोपेत चुकणार नाहीत! मी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी मला डोळा मारला. सरांना डोळा मारता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

जायच्या दिवशी टॅक्सीच्या खिडकीतून तिनं अर्धं अंग बाहेर काढलं आणि चेहरा चोरासारखा करून ओरडली, "तापान सिनुत, उक्की!" मारते तुला, आजोबा! सगळी गल्ली एका सुरात ओरडली, "तापाआन!" ती खिदळली. सर फक्त हात हलवत राहिले, लाल तळहात पुढे करून. टॅक्सी वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, दूधवाला आला. मी पांघरुणात कान देऊन पडलो होतो. जरा उशिरा, पण आवाज आला. आज शब्द 'तालो' नव्हता. "आइनो! आइनोन! आइनोआ! आइनोस्सा! आइनोस्ता!" पुढे, पुढे, एकेक विभक्ती, तशीच खणखणीत. आइनोल्ला, आइनोल्ता, आइनोल्ले. आणि तिथून सर मधली एक विभक्ती ओलांडून पुढच्या विभक्तीवर गेले.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. इतकी वर्षं न शिकता, नुसत्या ऐकून ऐकून त्यांच्या सगळ्या विभक्त्या पाठ झाल्या होत्या. "अहो, 'विना'चा 'त्ता' गाळलात."

झारीतलं पाणी पडत राहिलं. "माहीत आहे," सर म्हणाले.

आत काकूंनी चहा कपात ओतला.

"बरं, गाळा," त्या म्हणाल्या. "पण आता चहा घ्या आणि कामाला लागा."

"अगं, तिकडे 'कामाला' म्हणजे..."

"माहीत आहे मला!"